थोरल्याचे नाव

आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात रचलेल्या आदिपुराणात श्रावकाच्या संस्कारांचे विस्ताराने वर्णन आहे. गर्भान्वयाच्या ५३ क्रियांपैकी सातवी क्रिया नामकर्माची. जन्मानंतर बारा दिवस उलटले की शुभ दिवस पाहून बालकाचे नाव ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. नाव निवडण्याची एक रीतही त्यात दिली आहे. जिनेंद्रांच्या १००८ नावांच्या चिठ्ठ्या घटात घालाव्यात आणि त्यांतून जी हाती येईल, तिच्यावरचे नाव बालकाला द्यावे. या रीतीला घटपत्रविधी म्हणतात.

या विधीत मोठे शहाणपण आहे. घटातील सर्व नावे भगवंतांचीच असल्यामुळे कोणतेही निघाले तरी ते शुभच. कोणाचा शब्द राहिला आणि कोणाचा पडला, हा प्रश्नच उरत नाही. परंतु घरोघरची नावे इतकी निर्लेप नसतात. एखादे नाव पणजोबांचे असते, एखादे अकाली गेलेल्या काकांचे. अशी दोन नावे समोरासमोर आली की ती घटात टाकून डोळे मिटून हात घालण्याचा धीर कोणालाच होत नाही. घटात मागे राहणारी चिठ्ठी म्हणजे त्या माणसाला दिलेला नकार, असे घरातल्यांना वाटू लागते.

शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका शेतकरी जैन कुटुंबात गेल्या वर्षी असाच प्रसंग आला. घरात चार पिढ्या नांदत होत्या. सर्वांत वडील म्हणजे नव्वदीला टेकलेल्या आक्का. त्यांचे चिरंजीव अण्णा जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता गावीच ऊसशेती पाहणारे. अण्णांचा मुलगा पुण्यात एका संगणक कंपनीत, आणि सून सोलापूरची. या दांपत्याला पहिला मुलगा झाला. पणतवाचे तोंड पाहणाऱ्या आक्कांवर सोन्याची फुले उधळण्याचे ठरले, आणि त्याच बोलण्यात मुलाच्या नावाचा विषय निघाला.

नाव जुने असावे, ही इच्छा घरातील वडीलधाऱ्यांची असेल असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ती सुनेची होती. तिच्या शाळेत एकाच वर्गात तिच्या नावाच्या तीन मुली होत्या, आणि आडनावाच्या आद्याक्षरावाचून तिला कोणी कधी हाक मारली नव्हती. आपल्या मुलाचे नाव पुस्तकातून किंवा मोबाइलमधून काढलेले नसावे, ते ज्या घरात तो जन्मला त्या घरातूनच आलेले असावे, असे तिने बाळंतपणाला माहेरी जाण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. घरातून आलेली नावे दोनच निघाली. एक ‘नेमगोंडा’ आणि दुसरे ‘भूपाल’.

नेमगोंडा हे अण्णांच्या वडिलांचे, म्हणजे आक्कांच्या यजमानांचे नाव. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातील जैन शेतकऱ्यांत ‘गोंडा’ने संपणारी नावे एके काळी घरोघरी होती. आदगोंडा, जिनगोंडा, देवगोंडा, बाबगोंडा, सातगोंडा, पायगोंडा अशी ती मालिका. यातील ‘गोंडा’ म्हणजे कन्नडमधील ‘गौड’, गावचा प्रमुख. जुन्या कन्नड शिलालेखांत ‘गावुंड’ हे त्याचे रूप आढळते. पुढे तीर्थंकरांचे नाव आणि मागे गावकीचा मान, अशी या नावांची घडण आहे. नेमगोंडा या नावात बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ आहेत आणि त्यांच्या शेजारी मातीत पाय रोवून उभा असलेला पाटीलही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोजला झाला. त्यांचे पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवी चेतना देणारे आचार्य शांतिसागर महाराज १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखनापूर्वक समाधिस्थ झाले. त्यांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगोंडा. म्हणजे या नावांच्या मागे केवळ नांगर आहे असे नव्हे. शाळा आहेत आणि पिंछी-कमंडलूही आहे.

भूपाल हे नाव त्याच पट्ट्यातले आणि तितकेच जुने. भक्तामर, कल्याणमंदिर, एकीभाव आणि विषापहार या स्तोत्रांबरोबर पंचस्तोत्रांत ज्याची गणना होते, ते जिनचतुर्विंशतिका स्तोत्र भूपाल कवीचे. त्यामुळे जैन घरात हे नाव नुसते राजाचे उरत नाही, ते पहाटेच्या पाठातलेही होते. अर्थ पाहिला तर दोन्ही नावे एकमेकांच्या फार जवळची आहेत. भूमीचा पालक तो भूपाल आणि गावाचा प्रमुख तो गौड. एक संस्कृतातून आले, दुसरे कन्नडातून. दोन्ही येऊन थांबली ती एकाच काळ्या रानाच्या बांधावर.

या घरात भूपाल हे नाव आक्कांच्या थोरल्या मुलाचे होते. अण्णांपेक्षा तो चार वर्षांनी मोठा. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. रानात वडिलांच्या जोडीला माणूस हवा होता आणि दोघांच्या शिक्षणाचा खर्च झेपणारा नव्हता. धाकटा अभ्यासात बरा आहे, त्याला शिकू दे, असे तो स्वतःच म्हणाला, अशी घरातली आठवण आहे. धाकटा पुढे सांगलीच्या महाविद्यालयात शिकला. थोरला ते पाहायला राहिला नाही. १९७१ च्या पावसाळ्यात काविळीचे निमित्त झाले आणि वयाच्या अठराव्या वर्षी तो गेला. त्यानंतर या घरात ‘भूपाल’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. त्याचा विषय निघालाच तर ‘थोरला’ एवढेच म्हणत. अण्णांच्या पत्नी या घरात आल्या तेव्हा आपल्याला एक थोरले दीर होते हे त्यांना कळले; त्यांचे नाव मात्र कित्येक वर्षांनी, तेही शेजारणीकडून समजले.

अशी ही दोन नावे. पहिल्या नावाचा आग्रह धरला तो अण्णांच्या धाकट्या बहिणीने. मुलाच्या बापाला सख्खी बहीण नसल्यामुळे पाळण्यातल्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगण्याचा मान तिच्याकडे आला होता. माहेरचे सगळे तिला आत्याबाई म्हणत. तिचे म्हणणे सरळ होते. नातवाला किंवा पणतवाला घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव द्यायचे, ही रीतच आहे. आप्पांनी विहीर पाडली, रान वाढवले, घर बांधले. त्यांचे नाव घ्यायचे नाही तर कोणाचे घ्यायचे?

या रीतीमागे एक व्यावहारिक कारणही आहे. मराठी माणसाचे नाव तीन पदरांचे असते. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. त्यामुळे माणूस गेल्यावरही त्याचे नाव मुलांच्या मधल्या नावात एक पिढी जगते. नातवाच्या मधल्या नावात मात्र ते राहत नाही, तेथे त्याच्या मुलाचे नाव येते. आजोबांचे नाव असे कागदोपत्री गळून पडते ते नेमके नातवाच्या पिढीत, आणि तेथे ते पुन्हा पहिल्या जागी आणून बसवायचे, ही नातवाला आजोबांचे नाव देण्याच्या प्रथेतील योजना. थोर प्राकृत पंडित डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे नाव पाहिले की या परंपरेची गोडी कळते. पहिल्या तीर्थंकरांचे नाव मुलाला, बाविसाव्यांचे पित्याला, आणि दोन्ही एका ओळीत. अण्णांच्या मुलाला आजोबांचे नाव मिळाले नव्हते. तेव्हा नव्या नावांची हवा होती. आता पणतवालाही ते दिले नाही, तर अण्णांच्या मागे नेमगोंडा हे नाव फक्त जुन्या फेरफारांत आणि सातबाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या उताऱ्यांत उरेल, अशी आत्याबाईंची खंत होती, आणि ती खोटी नव्हती.

मुलाच्या बापाची अडचण वेगळी होती. त्याला आजोबांविषयी आदर होता, पण पुण्यात किंवा परदेशात हे नाव कोणाला उच्चारता येणार नाही, असे तो म्हणे. ‘गोंडा’ म्हटले की उत्तरेकडील माणसाला उत्तर प्रदेशातील जिल्हा आठवेल. रोमन लिपीत ‘गोंडा’ची अक्षरे एक जण एका तऱ्हेने लिहील आणि दुसरा दुसऱ्या, आधार कार्डावर एक, पारपत्रावर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे होऊन बसेल. या भीतीला अण्णांकडेही उत्तर नव्हते. नावातील एका अक्षराच्या फरकामुळे वारसाची कामे कशी अडून राहतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. तरीही ते मुलाच्या बाजूने बोलले नाहीत, की बहिणीच्याही नाही. त्यांना काय हवे आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. भावाने सोडलेल्या शाळेची फी आपल्या नावावर जमा झाली, हे ज्याला कळते तो माणूस त्या भावाच्या नावाची शिफारस मोठ्या आवाजात करू शकत नाही. तसे करणे म्हणजे ऋण फेडल्याचा देखावा होईल, असे त्यांना वाटत असावे. ते गप्प राहिले.

भूपाल या नावाला उघड विरोध झाला तो सोलापूरहून. सुनेच्या आईला नाव आवडले होते. त्यामागची हकिगत कळल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. अल्पायुषी माणसाचे नाव मुलाला ठेवू नये, असे तिच्या सासूबाई सांगत असत. अठराव्या वर्षी गेलेल्या मुलाचे नाव आपल्या नातवाला कशासाठी? याला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणे सोपे आहे. पण नवजात बाळ मांडीवर असताना आई आणि आजी यांच्या मनात जे भय असते, ते युक्तिवादाने जात नाही. सूनही त्या रात्री बराच वेळ जागी होती.

वेळ मात्र हातात होता. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. त्या नोंदीत नाव असलेच पाहिजे असे नाही. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. रुग्णालयाने मुलाच्या जन्माची नोंद वेळेत केली होती. नावाची जागा तेवढी कोरी होती. बारसे सव्वा महिन्यानंतर, बाळ गावी आल्यावर करायचे ठरले. त्याच दिवशी सकाळी त्याला प्रथम जिनमंदिरात न्यायचे, कानात णमोकार मंत्र म्हणायचा, आणि मग घरी पाळणा.

सून बाळाला घेऊन गावी आली, तेव्हा बारशाला आठ दिवस होते. बाळाला तेल लावण्याचे काम आक्कांनी स्वतःकडे घेतले. नव्वदीतले हात थरथरत, पण बाळाच्या अंगावर पडले की स्थिर होत. सून शेजारी बसून पाहत असे. आक्कांचा पाठ त्याच वेळी चाले. चोवीस तीर्थंकरांची नावे त्या एका लयीत म्हणत. दोन-तीन दिवस ऐकल्यावर सुनेच्या एक गोष्ट लक्षात आली. एकविसाव्या नमिनाथांपर्यंत आक्का सरळ येत. मग क्षणभर थांबत, तेलाचे हात जोडत, आणि पुढे पार्श्वनाथांचे नाव घेत. बाविसावे नाव त्यांच्या तोंडून येतच नसे.

सुनेने सासूबाईंना विचारले, तेव्हा त्या हसल्या. या घरातल्या सर्वांना ते माहीत होते. यजमानांचे नाव घ्यायचे नाही, म्हणून आक्का सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ते नाव बोलल्या नव्हत्या. लग्नातल्या उखाण्याचा काय तो अपवाद. नावच काय, नावाचा तुकडाही नाही. त्या व्रत घेत, पण ‘नेम’ घेतला असे म्हणत नसत. ‘नेमके’ या शब्दाऐवजी ‘बरोबर’ म्हणत. गिरनारचा विषय निघाला तर ‘बाविसावे भगवान’ म्हणत. यजमानांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली, तरी यात खंड पडला नव्हता.

ही केवळ एका आक्कांची गोष्ट नाही. जुन्या काळी घरोघरच्या सुनांची हीच तऱ्हा होती. मुलाला आजोबांचे नाव ठेवले की त्याच्या आईला ते उच्चारता येत नसे, कारण ते सासऱ्यांचे नाव. मग त्या मुलाला अण्णा, आप्पा, तात्या, बापू, बाळ असे काहीतरी म्हणावे लागे. पाळण्यातले नाव कागदावर राही आणि हाकेचे नाव वेगळेच होई. आपल्या कितीतरी कर्त्या माणसांना लोक जन्मभर अण्णासाहेब किंवा बापूसाहेब म्हणून ओळखत आले. त्या नावांच्या मुळाशी अशी एखादी न बोलणारी आई असण्याचा संभव आहे.

सुनेच्या मनात तेव्हा प्रथमच प्रश्नाची मांडणी बदलली. आतापर्यंत घरात चर्चा चालली होती ती कोणाचे नाव द्यायचे याची. त्या नावाने हाक कोण मारणार, याचा विचार कोणी केला नव्हता. नेमगोंडा ठेवले तर जिच्या हातून बाळाला रोज तेल लागते, तिला त्याला कधीच नावाने बोलावता येणार नाही. भूपाल ठेवले तर तिला ते बोलवेल काय? चोपन्न वर्षे जे नाव तिच्यासमोर कोणी काढले नाही, ते दिवसातून पन्नास वेळा अंगणात घुमणार. दोन्ही नावांवर या घरात मौन होते. एक मर्यादेचे आणि दुसरे दुःखाचे. आक्कांना विचारल्यावाचून कोणते मोडायचे, हे दुसऱ्या कोणी ठरवणे योग्य नव्हते.

तिने विचारले. आडवळणाने नव्हे, सरळ. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते आणि आत्याबाई त्याच दिवशी आल्या होत्या. बाळाचे नाव थोरल्या काकांच्या नावावरून ठेवले तर तुम्हाला चालेल का, असे तिने आक्कांना विचारले. अण्णांच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. आक्का बाळाचा पाय चोळत होत्या, त्या थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या,

“ठेवा की. चांगलं नाव हाय. लई वर्सं झाली कुनी हाक मारली न्हाई.”

पुन्हा काही वेळ गेला. मग त्यांनी एक अट घातली.

“पर थोरला परत आला, असं कुनी म्हनायचं न्हाई. त्यो गेला त्याच्या वाटनं. ह्यो येगळा जीव हाय. ह्याला ह्याचं आयुष्य हाय.”

आक्का शाळेत गेलेल्या नाहीत. परंतु दशलक्षण पर्वात मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जातो आणि दहा दिवसांत दहा अध्याय पुरे होतात, तो पाठ त्यांनी या गावात सत्तर-पंचाहत्तर वेळा ऐकला असेल. त्या सूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे चार निक्षेप येतात. वस्तूत तो गुण असो वा नसो, व्यवहार चालावा म्हणून दिलेली संज्ञा म्हणजे नाम. भूपाल नावाच्या मुलाकडे गुंठाभर जमीन नसली तरी त्याचे नाव चुकत नाही. गुण जसे नावातून येत नाहीत, तसे अमंगलही नावातून येत नाही. आठव्या अध्यायात आठ कर्मे सांगितली आहेत. त्यांत आयु हे पाचवे, नाम सहावे आणि गोत्र सातवे. तेथील नामकर्म म्हणजे पाळण्यातले नाव नव्हे. शरीर, गती, रूप यांना कारण होणारे ते कर्म. तरी तिघांचा क्रम मनात ठेवण्याजोगा आहे. आयु वेगळे सांगितले, कारण ते वेगळेच आहे. एका जीवाचे आयुष्य त्याने बांधलेल्या कर्माप्रमाणे असते. दुसऱ्या जीवाला त्याचे नाव दिल्याने ते त्याच्या वाट्याला येत नाही. घर, शेत आणि नाव ही वारशाने देता येतात. कर्म देता येत नाही, भोगही देता येत नाही.

हे सारे अण्णांनी त्या रात्री सोलापूरला दूरध्वनी करून सुनेच्या आईला सांगितले. शास्त्रार्थाने त्या माउलीचे समाधान किती झाले कोण जाणे. पण ज्या आईचा मुलगा गेला तीच हे नाव मागते आहे, हे ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, “मग आम्ही कोण नाही म्हणणारे?”

उरल्या आत्याबाई. त्यांनी आईसमोर काही म्हटले नाही, पण त्यांचे मन खट्टू झाले होते, आणि दोन दिवस ते लपलेही नाही. वडिलांचे नाव मागे पडले ही बोच त्यांना होती. बारशाच्या आदल्या दिवशी माजघरातली जुनी ट्रंक उघडली गेली. पाळण्यावर घालायला आक्कांच्या हातची गोधडी हवी होती. गोधडीखाली कागदांचे एक पुडके निघाले. त्यात आत्याबाईंचा शाळा सोडल्याचा दाखला होता, अण्णांच्या गुणपत्रिका होत्या, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या होत्या. आत्याबाई एकेक कागद पाहत गेल्या. जवळजवळ प्रत्येक कागदावर वडिलांचे नाव होते. कोठे पहिल्या जागी, कोठे मधल्या. मग त्या अण्णांना म्हणाल्या,

“माझ्या दाखल्यावर आप्पा आहेत. तुझ्या पेन्शनच्या कागदावर आप्पा आहेत. थोरला कुठल्या कागदावर आहे रे?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. उत्तर दोघांनाही माहीत होते. थोरल्याचे लग्न झाले नव्हते, त्याला मूल नव्हते, त्यामुळे त्याचे नाव कोणाच्याही मधल्या नावात गेले नव्हते. वडील हयात असतानाच तो गेल्यामुळे सातबाऱ्यावर चढण्याचीही वेळ आली नव्हती. गावच्या शाळेच्या दाखल-नोंदवहीत एक ओळ आणि मृत्यूच्या नोंदवहीत एक ओळ, एवढेच भूपाल या नावाचे लेखी अस्तित्व. आप्पा नव्वद वर्षे जगले आणि मुलाबाळांच्या नावांतून अजून जगत आहेत. थोरल्याला अठरा वर्षे मिळाली आणि मागे काहीच राहिले नाही. आत्याबाईंनी कागद पुन्हा बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी कानात कोणते नाव सांगायचे, याविषयी त्यांना पुन्हा कोणी काही विचारले नाही.

बारसे साधेपणाने झाले. सकाळी बाळाला मंदिरात नेले. उपाध्यांनी गंधोदक लावले, कानात मंत्र सांगितला. घटपत्रविधीची गोष्ट त्यांनीच या निमित्ताने जमलेल्यांना सांगितली आणि गमतीने विचारले, की घट आणावा काय? आक्का म्हणाल्या, घट नको, ठरलंय. घरी आल्यावर गोधडी घातलेल्या पाळण्यात बाळ निजवले. घुगऱ्या वाटल्या. आत्याबाई पाळण्यावर वाकल्या, बायकांनी त्यांच्या पाठीत रीतीप्रमाणे बुक्के घातले, आणि त्यांनी ‘कुर्र’ करून बाळाच्या कानात सांगितलेले नाव मग सर्वांना ऐकू जाईल असे मोठ्याने म्हटले. अण्णा त्या वेळी परसात गेले होते. ते थोड्या वेळाने तोंड धुऊन आत आले.

या निवडीत काही गमावलेही आहे, हे मान्य केले पाहिजे. अण्णांच्या पश्चात या घराण्यात ‘गोंडा’ने संपणारे नाव असलेला कोणी राहणार नाही. शिरोळ, हातकणंगले, चिकोडी या भागांत आज पाळण्यात असलेल्या मुलांत नेमगोंडा किंवा आदगोंडा शोधायला गेले तर फार हिंडावे लागेल. कन्नड आणि मराठी यांच्या सीमेवर जैन शेतकऱ्यांनी शतकानुशतके जो संसार केला, त्याची खूण या दोन अक्षरांत होती. दोन नावांतून एकच निवडता येते आणि दुसरे जाते. घरात ते निमूटपणे घडते, म्हणून ते लहान ठरत नाही. ज्यांच्या घरात असे नाव अजून हयात आहे, त्यांनी ते टाकण्यापूर्वी एकदा त्याचा अर्थ तरी मुलांना सांगावा.

आणि नाव ठेवताना आणखी एक पाहावे. ज्याच्या स्मरणार्थ नाव ठेवायचे तो तर निघून गेलेला असतो. ज्याला ते मिळते त्याला ते जन्मभर वागवायचे असते, आणि जे त्याला हाक मारतात त्यांच्या जिभेवर ते सुखाने आले पाहिजे. मुनिदीक्षेच्या वेळी गृहस्थाश्रमाचे नाव मागे राहते आणि सातगोंडाचे शांतिसागर होतात, यावरून नाव हे जीवाला चिकटलेले नाही, एवढे तर उघड आहे. ते व्यवहारासाठी आहे. पण संसारात व्यवहार म्हणजे माया आणि माणसे. तेथे एखादी हाक पुन्हा सुरू होणे ही लहान गोष्ट नव्हे.

महिन्याभरात जन्माच्या दाखल्यावर नाव चढले. पहिल्या नावाच्या रकान्यात भूपाल, त्यापुढे त्याच्या वडिलांचे नाव, आणि मग आडनाव. अण्णांनी त्याच्या दोन प्रती काढून एक ट्रंकेतल्या पुडक्यात ठेवली. बाळ आता पुण्याला आहे आणि सुटीला गावी येते. आक्का चोवीस तीर्थंकरांची नावे म्हणताना बाविसाव्यापाशी अजूनही थांबतात आणि हात जोडतात. पणतवाला मात्र त्या सोप्यातून मोठ्याने नावाने बोलावतात. तो रांगत येतो. कधी येतही नाही. मग त्या पुन्हा हाक मारतात.